शेड नंबर चार

साहेबांनी सांगितलं तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डासमोर बसलेल्या शुभदा पेडणेकरच्या उजव्या कानावर हेडफोन होता आणि त्या कानात वेंगुर्ल्याची एक बाई आपल्या भावाला काजूच्या कलमांबद्दल काही सांगत होती. डावा कान तिने सवयीने मोकळा ठेवला होता. त्या कानात साहेबांचं वाक्य शिरलं ते नुसता आवाज म्हणून; अर्थ मागाहून आला, ट्रंक लाइनवर लांबच्या माणसाचा शब्द कधी कधी क्षणभर उशिरा पोचतो तसा. "पेडणेकरबाई, एक तारखेपासून हा बोर्ड बंद. ऑटोमॅटिक सुरू होतंय, तुम्हाला ठाऊक आहेच. तुम्हाला मी बाहेरच्या काउंटरवर घेतलंय. नवीन फोनचे अर्ज आणि तक्रारी. लोकांना तुमचा आवाज ओळखीचा आहे, तुम्ही नीट समजावून सांगता." साहेब घाटावरचे, नवे, मनाने बरे. बढतीची बातमी द्यावी तशा सुरात बोलले. शुभदा म्हणाली, "बरं, साहेब." वेंगुर्ल्याची तीन मिनिटं भरली होती. वाढवायचं का, असं तिने विचारलं, बाई घाईघाईने "नको नको" म्हणाली, शुभदाने पिन ओढली आणि दोर आपल्या वजनाने खाली सरकला. मग तिच्या लक्षात आलं की आपला हात गालाजवळ गेलेला आहे. गालाला टेकलेला नव्हता. बोटभर अंतरावर थांबला होता, चुलीवरच्या भांड्याजवळ थांबतो तसा.

बाहेरचा काउंटर तिने पंधरा वर्षांत रोज दोनदा ओलांडला होता, आत येताना आणि जाताना, डावी बाजू लोकांकडे ठेवून. काउंटरची खिडकी पश्चिमेला. दुपारी तीननंतर ऊन सरळ आत येतं आणि तिथे बसणाऱ्याच्या तोंडावर पडतं. पूर्वी तिथे बसणाऱ्या भाईंनी त्या खिडकीला जुनं कॅलेंडर टांगून ठेवलं होतं, पण ते वाऱ्याने सतत हलायचं आणि ऊन त्याच्या दोन्ही बाजूंनी गळायचं. समोर उभं राहणारं माणूस हातभर अंतरावर. आतल्या खोलीत मात्र उंचावर एकच झडप, तिला काचेवर पिवळा रंग फासलेला. बोर्डाच्या छिद्रांकडे तोंड करून बसायचं, मागून कोण आलं गेलं ते पावलांवरून ओळखायचं. बाविसाव्या वर्षी या नोकरीचं पत्र आलं तेव्हा मसुऱ्याच्या घरी आईने देवापुढे साखर ठेवली होती. सरकारी नोकरीसाठी ठेवली असं सगळ्यांना वाटलं. शुभदाला कारण ठाऊक होतं. जिथे नुसत्या आवाजावर भागतं अशी एक जागा आईला मुलीसाठी सापडली होती.

डाग चौदाव्या वर्षी आला. आई वेणी घालत होती, कंगवा मधेच थांबला, आणि तिने उजव्या डोळ्याखाली ओला अंगठा घासून बघितला. पीठ लागलं असेल असं वाटलं असावं. तेव्हा तिळाएवढा होता. पुढे दोन वर्षांत तो वर निमुळता आणि खाली जबड्याशी रुंद असा, काजूच्या बोंडासारखा उतरत गेला आणि मग जणू कंटाळून तिथेच थांबला. घरात त्याला नाव नव्हतं. ‘ता’ म्हणत, म्हणजे नुसतं ‘ते’. "ता वाढला काय गो?" "ताचा काय तरी करूक होया." कोड हा शब्द तिने पहिल्यांदा ऐकला तो शाळेच्या विहिरीवर, आणि तिला तो काही वाईट वाटला नव्हता, अक्षरं गोड वाटली होती, लाडाकोडातला कोड. मग वैद्यांची बावची आली. बावचीचं तेल लावून सकाळच्या उन्हात बसायचं, घड्याळ लावून, गालावर फोड येईपर्यंत. फोड आले, फुटले, पुन्हा आले. डाग तसाच, उलट भोवतालची कातडी काळवंडली, म्हणजे पांढरा अधिक पांढरा दिसू लागला. थोरली बहीण सीता, तिच्या लग्नातल्या टाल्कम पावडरचा डबा घरी उरला होता. शुभदाने एका दुपारी तो गालाला फासला आणि आरशात बघितलं, तर पावडरने सगळा चेहराच डागाच्या रंगाचा करून टाकला होता. त्या दिवशी तिला एक गोष्ट कळली, जी पुढे तिला कोणी शिकवावी लागली नाही. पांढरं करणारं सगळीकडे मिळतं. आपल्याला आपल्यासारखं करणारं पाहिजे. तुळशीपुढचं अंगण सारवून झाल्यावर उरलेली काव तिने वस्त्रगाळ केली आणि पावडरीत चिमूट चिमूट मिसळत गेली. पहिल्यांदा वीट, मग शेंदूर, मग सातव्या खेपेला जवळपास आपला गाल. जवळपासच. संध्याकाळी घाम आला आणि लाल ओघळ गळ्यापर्यंत उतरले, आई दारात बघून किंचाळली, तिला रक्त वाटलं.

हे सगळं बोर्डासमोर बसल्या बसल्या तिच्या मनातून गेलं, आणि मधे मधे नव्या कॉलची शटर पडत होती, ती पिना लावत होती, "नंबर?" विचारत होती. तिच्या आवाजात काही फरक पडला नव्हता. पण आत एक साधा हिशेब चालू होता, तासांचा. आजवर तिला एका वेळी वीस मिनिटांचा चेहरा पुरत होता. घरापासून एक्स्चेंजपर्यंत वीस, परतताना वीस, वाटेत भाजी घेतली तर अर्धा तास. आत आल्यावर रंग उडो वा राहो. आता साडेदहा ते साडेपाच पाहिजे. सात तास, आणि त्यातले अडीच उन्हात.

सुटल्यावर ती पायस मेडिकलमध्ये गेली. बाजारात आणखी दोन दुकानं होती, पण बारा वर्षं ती इथेच येत होती, कारण पायस डॉन्टस नावाचा तो उंच, वाकलेला माणूस गिऱ्हाइकाकडे कधी मान वर करून बघत नसे. औषधाच्या चिठ्ठीकडे बघे, बरणीकडे बघे, वर टांगलेल्या येशूकडेसुद्धा बघे, पण तोंडाकडे नाही. ती जाऊन उभी राहिली की तो काही न विचारता खालचा खण उघडे आणि तोंडाला लावायच्या तपकिरी कांडीची गोल डबी पुढे सरकवे. झाकणाखाली एक छोटी चिकटपट्टी, तिच्यावर छापलेलं : शेड नंबर चार. त्या दिवशी पायस नव्हता, गुडघा धरला होता. त्याची बायको फिलोमिना बसली होती, जाडजूड, बोलकी, फ्रॉकच्या खिशात चष्मा ठेवणारी.

"चार नंबर मां?" शुभदाने तोंड उघडायच्या आत फिलोमिनाबाय म्हणाली.

"नको. दुसरा काय काय आसा ता दाखय. एका मैत्रिणीक होया."

फिलोमिनाबायने काचेवर एकेक मांडलं. गुलाबी ट्यूब. काचेची बाटली, आत पातळ, चिकणमातीसारखं काहीतरी. आरसा बसवलेली कॉम्पॅक्टची डबी. "मैत्रिणीक ह्यातला काय ता दी. पण तू चार नंबर घेवन ठेव गो. दोनच डबे रवले. आता येवचो नाय. कंपनीन बंद केल्यान तो रंग. पायसान सांगूक नाय तुका? त्येका सांगूक धीर जावक नसतलो."

"बंद? कित्याक?"

"खपना नाय म्हणान. हंयसर तरी तुझ्याशिवाय घेता कोण? ह्या गावात सगळ्यांका गोरा होवचा आसता. तो डबो बारा वर्सां एकट्या तुझ्यासाठीच येता."

शुभदाने काचेच्या कडेवर बोटं ठेवली. काच गार होती. "माझ्यासाठी?"

"मगे? पयल्या खेपेक तू इललंस, तुझ्या रंगाचा काय आसा काय म्हणान विचारलंस, नाय म्हटल्यार निघान गेलंस. पायस दुसऱ्या आठवड्यात पणजीक गेलो. खिशात खाकी पाकिटाचो तुकडो. माका म्हणता, त्या चेडवाचो रंग ह्याच्या जवळ जाता, ह्याच्याशी लावन बघतलंय. तीन दुकानां फिरलो. मी हसलंय त्येका, म्हटलंय बायलेसाठी कधी येक रिबन आणूक नाय, आणि..." ती खरोखरच हसली. मग तिचं लक्ष शुभदाच्या चेहऱ्याकडे गेलं आणि हसू अर्ध्यावर राहिलं.

"त्यांका म्हायत होता?" शुभदाने विचारलं.

"कोणाक म्हायत नाय गो?" फिलोमिनाबाय म्हणाली. म्हणाली अगदी सहज, आणि म्हटल्यावर खिशातून चष्मा काढून पुसायला लागली.

शुभदा ट्यूब, बाटली आणि कॉम्पॅक्ट पिशवीत घालून बाहेर पडली. चार नंबरचे दोन डबे तिने घेतले नाहीत. का घेतले नाहीत ते तिला सांगता आलं नसतं. रस्त्यावर मासळीवाल्या उठत होत्या, टोपल्या धुतल्याचं पाणी गटारात चाललं होतं. केळीवाला तिला बघून म्हणाला, "बाय, सोनकेळी घेतंस?" आणि म्हणताना त्याने केळ्यांकडे बघितलं. रोजच बघत असे. आज तिला वाटलं, हा केळ्यांकडे का बघतो? वाण्याने पुडी बांधताना दोऱ्याकडे बघितलं. शिंप्याने मान वर केली, ओळखीचं हसला आणि पुन्हा सुईत दोरा ओवू लागला. पंधरा वर्षं तिला वाटत आलं होतं की आपण लपवतो. घरातून निघताना आरशासमोर अर्धा तास उभं राहून, कडा बोटाने विरवून, कानाच्या पाळीपर्यंत रंग नेऊन, आपण एकटीने हे काम करतो. आणि हा सगळा बाजार, वाणी, शिंपी, केळीवाला, प्रत्येकजण रोज थोडं थोडं ते काम करत होता. तिला राग आला. कोणाचा, ते ठरेना. कोणी हसलं असतं, बोट दाखवलं असतं, तर राग ठेवायला जागा होती. यांनी नुसती नजर बाजूला केली होती, आणि ती इतक्या सफाईने की तिला वाटावं, डबीतला माल उत्तम आहे. घराच्या पायरीशी येईपर्यंत राग उतरून त्याची नुसती लाज राहिली, आणि हातपाय धुतल्यावर लाजही पातळ झाली. मागे उरला तो एक जुना प्रश्न, तोच तासांचा.

तिने चार दिवसांची रजा काढली. मार्चची अखेर होती, दमट उकाडा, माडाची झावळी हलत नव्हती. दुपारी दोन वाजता ती मागच्या दाराच्या पायरीवर बसे. तिथेही ऊन पश्चिमेचं, काउंटरवर येतं तसंच. एका बाजूला गजराचं घड्याळ, गुडघ्यावर आरसा. पहिल्या दिवशी गुलाबी ट्यूब. झाकण काढल्याबरोबर गुलाबाचा वास आला, पण गुलाब नव्हे, गुलाबाच्या अत्तराचा फाया चार दिवस कानात राहून गेल्यावर येतो तो वास. पसरायला मात्र सुरेख, लोण्यासारखी, डागावरून बोट घसरत गेलं आणि कडा कुठे संपली ते कळेना. तिला क्षणभर आनंद झाला. तीन वाजता बघितलं तर डागाची जागा पिकल्या पपईच्या रंगाची होती. साडेतीनला नारिंगी. चारला तिच्या गालावर वाटोळी, चकचकीत पपईची फोड होती आणि बाकीचा चेहरा तसाच सावळा. ती एकटीच होती म्हणून मोठ्याने म्हणाली, "श्शी!" दुसऱ्या दिवशी बाटली. हिला वास नव्हता, म्हणून विश्वास वाटला. हलवावी लागे, नाहीतर वर पाणी आणि खाली गाळ. लावल्यावर थंड लागली, वाळली, घट्ट बसली. घाम वरून आला आणि वरच्या वर निघून गेला, रंग ढिम्म हलला नाही. चार वाजले, साडेचार वाजले. पण तोंड जरा हलवलं की गालावर बारीक रेषा पडत, मिठागराच्या चिखलाला उन्हात पडतात तशा, आणि रेषांतून पांढरं दिसे. ही बाटली न बोलणाऱ्या माणसासाठी चांगली होती. तिला तर दिवसभर बोलायचं होतं. कॉम्पॅक्टवर तिने एक तासच घालवला. आरसा चांगला होता, पफ मऊ होता, आतली वडी म्हणजे सुगंधी खडू.

ती तिसऱ्या दिवशी बसली होती तेव्हा बाबा भिंत चाचपत मागच्या दाराशी आले. हरिश्चंद्र पेडणेकर, मसुऱ्याच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, आता सत्त्याहत्तर वर्षांचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना उजेड आणि सावली एवढंच उरलं होतं. आई गेल्यापासून ते लेकीकडे राहत. "उन्हात कित्याक बसलंस गो?" त्यांनी विचारलं. "पुन्ना बावची लावतंस?"

"नाय, बाबा. असाच."

ते चौकटीला टेकून उभे राहिले. त्यांच्या अंगाला विडीचा आणि धुतलेल्या धोतराचा वास येत होता. मग ते म्हणाले, "शुभदा, कुडाळच्या त्या गुरुदासाच्या वेळेक मी सांगून टाकलंय. ता चुकला काय माझा?"

तेरा वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. ती चोवीस वर्षांची होती. तिला बघायला आलेला गुरुदास कुडाळला सहकारी संस्थेत होता, जरा तोतरा बोलायचा, आणि तोतरा बोलतो याची लाज न बाळगता बोलायचा, ते तिला आवडलं होतं. समोर बसून त्याने तिला विचारलं, "फोनवर भांडणं पण ऐकू येतात का?" आणि ती म्हणाली, "भांडणंच जास्त," आणि दोघं हसली. रंग त्या दिवशी चांगला बसला होता, डिसेंबर होता. मग बाबा गुरुदासच्या वडलांना घेऊन अंगणात गेले. पोफळीच्या बुंध्याशी ते उभे राहिलेले तिला खिडकीतून दिसत होते. वर्गात गणित समजावावं तसा त्यांचा हात शांतपणे हलत होता. पाचच मिनिटं. गुरुदासला बाहेर बोलावलं. तो परत आत आला, निरोप घ्यायला, आणि म्हणाला, "येतो." एवढंच. पण त्या ‘येतो’मध्ये मघाचा माणूस नव्हता. आवाज तोच, तोतरेपणासुद्धा नाही, पण मधेच कुठेतरी किंचित जाडसर झालेला, कापडात गाठ लागावी तसा. तो दुष्ट नव्हता. त्याला वाईट वाटलं होतं. त्या गाठीचा आवाज शुभदाच्या कानात कायमचा बसला. पुढे तारेवर हजारो माणसं बोलली, आणि कोण कोणापासून काय दूर सारतंय ते तिला त्या गाठीवरून कळू लागलं. बाबांवर ती रागावली होती का? महिनाभर रागावली होती. त्यांच्या खरेपणावर नव्हे, त्या शांत हलणाऱ्या हातावर.

"नाय, बाबा," ती आता म्हणाली. "चुकला नाय."

बाबांनी मान हलवली. मग म्हणाले, "आवाज बदललो तुझो." आणि भिंत चाचपत आत गेले. ती पायरीवर तशीच बसली. तिचा आवाज कोणी ओळखावा ही तिला सवय नव्हती. आवाज ओळखायचं काम तिचं. उठून त्यांच्यामागे जावं असं तिला वाटलं. ती गेली, त्यांच्या खाटेशी उभी राहिली, आणि म्हणाली, "तेवां राग इललो, बाबा. आता नाय." बाबा म्हणाले, "बरा." त्यांनी हात पुढे केला, तो तिच्या गालाला लागला, आणि बोटांना तेलकट काहीतरी लागलं म्हणून त्यांनी ती नाकाशी नेऊन हुंगली. "गुलाब?" त्यांनी विचारलं. सकाळी तिने ट्यूबला आणखी एक संधी दिली होती.

चौथ्या दिवशी तिने आपलं डोकं चालवलं. बाटलीतला थर अगदी पातळ, पाणी घालून, नुसता पाया म्हणून. तो पुरता वाळू द्यायचा. त्यावर ट्यूब, पण तांदळाएवढी, आणि तिच्यात जुन्या चार नंबरच्या डबीच्या तळाशी उरलेलं काडीने खरवडून. नारिंगीपणा तपकिरीने मारला, भेगा ट्यूबच्या तेलाने भरल्या. वर रुमाल दाबायचा, घासायचा नाही. दोन वाजता लावलं ते पाच वाजता होतं. साडेपाचलाही बरंचसं होतं. माल हलका होता, यात शंका नाही. कोणतीही एक डबी एकटीने उभी राहू शकत नव्हती. एकमेकींच्या आधाराने तिघी कशाबशा उभ्या होत्या.

एक तारखेला साडेदहा वाजता ती काउंटरवर बसली. कॅलेंडर तिने काढून टाकलं, ते हलताना बघून डोकं फिरायचं. पहिला आला तो बंदरावरचा दाजी, जाळी विकणारा, त्याचा फोन आठ दिवस मुका होता. तक्रार तो ओरडूनच सांगू लागला. शुभदाने विचारलं, "नंबर?" आणि तो थांबला. तिच्याकडे बघतच राहिला. ती ताठ झाली. पाठीवरून घामाचा एक थेंब खाली गेला. आता, तिला वाटलं. दाजी म्हणाला, "तू गो ती? नंबर देणारी?"

"होय."

"शिरा पडो!" त्याने आनंदाने शिवी दिली. "इतकी वर्सां माका वाटला कोण तरी म्हातारी बसली आसा. दटावतंस कशी! ‘तीन मिनिटं झाली!’" त्याने तिचा आवाज काढला, तो इतका वाईट काढला की मागच्या रांगेत हशा पिकला आणि शुभदाही हसली. हसताना तिला गालावर पायाचा थर ताणल्याचं जाणवलं. तिने हसू आवरलं नाही. आवरायचं विसरली.

मग माणसं येत राहिली. खानावळवाला, शाळेचा शिपाई, पोराला परदेशाहून फोन येतो म्हणून घरी लाइन मागणारी हौसाबाई. अर्ज कसा भरायचा, दाखला कुठला जोडायचा, सही कुठे. ती कागदाकडे बघत होती आणि कानाने ऐकत होती. प्रत्येक माणसाच्या वाक्यात ती तीच गाठ शोधत होती. तीन वाजले. ऊन आलं, आधी टेबलावर, मग हातावर, मग तोंडावर. दहाएक मिनिटांनी कानाच्या पाळीखाली काहीतरी सुटल्यासारखं झालं. उठून आत जावं का? रांगेत चार माणसं होती. तिने रुमाल दाबला, रुमालावर तपकिरी ठसा आला, तिने रुमाल घडी करून टेबलाखाली ठेवला आणि म्हणाली, "पुढे कोण?"

साडेपाचला खिडकी बंद करून ती आतल्या आरशापाशी गेली. उजव्या गालाचा खालचा अर्धा भाग उघडा होता. जबड्याशी पांढरं, त्यावर नारिंगी ओघळाच्या दोन रेघा, डोळ्याखाली अजून रंग शाबूत. चार दिवसांपूर्वी हे चित्र दिसलं असतं तर ती मटकन खाली बसली असती. आता ती बघत उभी राहिली आणि मागे जाऊ लागली, एकेक माणूस. पाच वाजता सुगंधा शिंपीण. तिच्या आवाजात काही नव्हतं. त्याआधी वाणी. काही नाही. साडेचारला दाजी पुन्हा आला होता, दुरुस्तीला माणूस आला नाही म्हणून, सकाळइतकाच ओरडला. त्याआधी बँकेत नव्याने बदलून आलेली ती बाई. पुण्याकडची असावी. "अर्जासोबत," ती म्हणाली होती, आणि मग, "फोटो... फोटो लागतील का?" होय. तिथे. त्या दोन फोटोंच्या मधे ती गाठ होती, स्पष्ट. वेळ पावणेचार. म्हणजे पावणेचारला सुटलेलं होतं. बाईने पुढे सगळं नीट विचारलं, शुभदाने नीट सांगितलं, बाई "थँक्यू" म्हणून गेली. गाठ लागली होती आणि काउंटर चालू राहिला होता. आणि तिच्यानंतरची सात माणसं? त्यांना दिसलं नसेल असं नाही. त्यांच्यासाठी त्यात पाहण्यासारखं नवं काही नव्हतं. साडेदहा ते पावणेचार, सव्वापाच तास. शुभदाने आरशातल्या बाईकडे बघून मान हलवली. या किमतीच्या मालाला सव्वापाच तास वाईट नाहीत.

पायस मेडिकलमध्ये गर्दी नव्हती. पायस आज होता, एक पाय स्टुलावर ठेवून गोळ्यांची पाकिटं लावत होता. फिलोमिनाबाय मागे काही निवडत होती. तिने शुभदाला बघितलं आणि नवऱ्याकडे बघितलं आणि ती आत गेली. शुभदाने वाटेत तोंड धुतलं नव्हतं. पायसने मान वर केली नाही. त्याचा हात खालच्या खणाकडे गेला आणि मधेच थांबला, कारण तिथे देण्यासारखं फारसं उरलं नव्हतं हे त्याला आठवलं असावं.

"पायसकाका," शुभदा म्हणाली. तिला वाटलं होतं हे जड जाईल. "तो ट्यूब एकटो काय कामाचो नाय. पपई होता. बाटली टिकता, पण तडकता. तिनय मिसळून लावले. सव्वापाच तास रवले."

पायसच्या हातातली पाकिटं तशीच राहिली. कान लाल झाले. "उन्हात?" त्याने पाकिटांना विचारलं.

"उन्हात. पश्चिमेच्या."

"बाटलीत पाणी घातलंस?"

"अर्धा."

"गुलाबपाणी घालूक होया. पाण्यान फाटता तो." बारा वर्षांत ते दोघं इतकं बोलले नव्हते. "कोल्हापूरच्या माणसाकडे आणखी येक आसा म्हणतत. कांडी. गुरुवारी येतलो तो." त्याने पाय स्टुलावरून खाली घेतला, टेबलाला धरून उभा राहिला, खणातून भिंग काढावं तसा आपला चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. "दारात ये," तो म्हणाला. "हंय उजेड नाय."

ती दारात गेली. बाहेर रस्ता होता, माणसं जात-येत होती, एक सायकल घंटी वाजवत गेली. संध्याकाळचं ऊन समोरच्या कौलांवरून उतरून त्यांच्या पायरीवर पडलं होतं. पायस लंगडत आला, तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने मान वर केली. त्याचे डोळे पाणीदार, करडे होते. तिला ते ठाऊकच नव्हते. तो तिच्या गालाकडे बघू लागला, वरून खाली, सावकाश, तराजूचा काटा थांबेपर्यंत बघतो तसा. तिने तोंड फिरवलं नाही, उलट त्याला बघता यावं म्हणून हनुवटी जरा उचलली.

"हंय," तो म्हणाला, आणि त्याचं बोट हवेत जबड्याच्या कडेवरून फिरलं, "हंय लाल मारता."

"होय," शुभदा म्हणाली. "माका पण तसाच वाटला."